विमानाच्या शेपटीवरचा उजवा डोळा

विमान येणार असल्याचं पत्र ग्रामपंचायतीत आलं, ते पहिल्यांदा मीच वाचलं. आवक नोंदवहीत पत्रं चढवायचं काम माझं. त्यामुळे गावाच्या बऱ्यावाईट बातम्या सरपंचांच्या आधी मला कळतात आणि त्या पोटात ठेवताना माझे हाल होतात. पत्रात लिहिलं होतं की विमानवाहू जहाजावरचं एक निवृत्त लढाऊ विमान आमच्या गावाला किनाऱ्यावरच्या बागेत उभं करण्यासाठी मंजूर झालं आहे, चौथरा तयार ठेवावा. आमचं गाव थळ आणि रेवस यांच्यामध्ये कुठेतरी. गावात बघण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यांनी विचारलं की आम्ही त्यांना अलिबागला पाठवतो. आता आमच्याकडे विमान येणार होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि जेवायच्या सुट्टीत थेट मामाच्या घरी गेले.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी नौदलात गेला, तिथे रंगकामाच्या विभागात नोकरी केली, निवृत्त होऊन परत गावात आला. आता सत्तरी उलटली आहे. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडेने खाल्ली. दाराच्या फटीतून दिसावं तेवढंच काय ते समोरचं दिसतं, तेही धुरकट. तरी सकाळी किनाऱ्यावर जातो, ओढून ठेवलेल्या होड्यांवर हात फिरवतो आणि कुणाचा रंग कच्चा लागला आहे ते त्या माणसाला तोंडावर सांगतो. त्यामुळे तो सगळ्यांचा आवडता आहे, असं काही म्हणता येणार नाही.

गावात त्याला सगळे ‘विमानवाला’ म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. तरुणपणी सुट्टीवर आला की तो सांगायचा, जहाजावरून उडणाऱ्या जेट विमानांच्या शेपटीवर मी चित्रं काढतो. लोक ऐकून घ्यायचे आणि पाठ वळली की हसायचे. जहाजाचे कठडे रंगवत असेल, गंज खरवडत असेल, आणि इथे येऊन विमानं उडवतो, असं म्हणायचे. मी पाचवीत असताना वर्गात ऐटीत उठून सांगितलं होतं, माझा मामा लढाऊ विमानांवर काकण काढतो. काकण म्हणजे आमच्याकडचा समुद्रगरुड, पांढऱ्या पोटाचा. त्याच्या तुकडीचं ते चिन्ह होतं. बाई म्हणाल्या, विमानावर कुणी हाताने चित्रं काढत नाही, ती कारखान्यातून छापून येतात. सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन मामाला जाब विचारला, तर तो म्हणाला, “बाईंचं बरोबर आसल, बाय.” आणि बिडी ओढत बसला. त्याने भांडायला हवं होतं, असं मला वाटलं. तेव्हापासून त्याच्या गोष्टीवर माझाही विश्वास निम्माच राहिला, आणि उरलेल्या निम्म्याची मला आयुष्यभर चुटपुट लागली. मला प्रत्येक गोष्ट उलटीसुलटी करून बघायची खोड आहे. ही गोष्ट मात्र कधी हातातच आली नव्हती.

त्या दिवशी मी त्याला पत्र वाचून दाखवलं. विमानाचा क्रमांक आला तसा त्याने हात वर केला.

“परत वाच.”

मी परत वाचला.

“शेवटचं दोन आकडं?”

तेही सांगितले. त्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. बोंबलाचं कालवण होतं, आणि बोंबील समोर ठेवून मामा उठला असं मी कधी बघितलेलं नाही.

“त्या शेपटीजवल मना ने,” तो म्हणाला. “मना हात लावायचा हाय.”

“तूच रंगवलेलं आहे का ते?”

“सगलीच मी रंगवली व्हती. पन ह्याच्यावर काम राह्यलंय.”

कसलं काम, ते काही त्याने सांगितलं नाही. मी खोदून विचारलं, तर म्हणाला, आधी ते येऊ दे.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. होडीच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. नाळेवर प्रत्येक घराचा रंग ठरलेला असतो, पट्टे ठरलेले असतात. समुद्रात दूरवर होडी दिसली की किनाऱ्यावरची बाई नुसत्या रंगावरून सांगते, ही अमक्याची. आमच्या आजोळच्या होडीवर नाळेच्या दोन्ही बाजूंना एकेक सरंगा काढलेला असायचा. सगळा मासा पुरुषांनी रंगवायचा, खवल्यांसकट. डोळा मात्र रिकामा सोडायचा. डोळा घरच्या बाईने लावायचा, जिला वाट बघायची असते तिने. तोसुद्धा दोन्ही एकदम नाही. हंगामाची पहिली फेरी निघताना डावा आणि ती फेरी सुखरूप आटोपून होडी परत आली की उजवा. म्हणजे पहिल्या फेरीला आमची होडी एका डोळ्याची जायची. शेजारपाजारचे चिडवायचे, आली बघा काणी होडी. आजी त्यांना म्हणायची, जायला एक डोळा पुरतो, घर ओळखायला दुसरा लागतो. आजीनंतर हे काम माझ्या आईकडे आलं. आमचा डोळ्याचा रंगही ठरलेला, पिवळा, पण लिंबासारखा नाही, हळद जरा जास्त पडलेल्या वरणासारखा. आई तो स्वतः कालवायची आणि कुणाला प्रमाण सांगायची नाही.

गावात दुसऱ्या कुणाच्या घरी ही रीत नाही. आमच्याकडे तरी कधी आणि कशी आली, ते मी खूप विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

विमान आलं ते सोमवारी, लांबलचक ट्रेलरवर, पंख वेगळे बांधलेले. बर्फाच्या कारखान्याजवळच्या वळणावर ट्रेलर अडकला. मग आमच्याकडच्या मंडळींनी गणपतीच्या मिरवणुकीला विजेच्या तारा उचलायचे बांबू आणले, आणि एक जण ओरडतोय, चार जण त्याचं ऐकत नाहीत, अशा नेहमीच्या शिस्तीत ते काम पार पडलं. चौथरा अजून ओला होता. म्हणून क्रेन येईपर्यंत विमान कारखान्याच्या भिंतीला लागून उतरवून ठेवलं. डावी बाजू रस्त्याकडे, उजवी भिंतीकडे. मध्ये मांजर जेमतेम जाईल एवढीच जागा.

मला ते आधी मुळीच आवडलं नाही. सगळं राखाडी. शेपटीवर चित्र नाही, आकडा नाही. जुनी चिन्हं झाकून वरून एकच रंग फासलेला. तुकडीचं नवं चिन्ह ठेकेदाराकडून स्टिकर म्हणून येणार होतं. छापूनच. मला पाचवीतल्या बाई आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाला घेऊन गेले. ठेकेदाराने परांची बांधलेली होती. सत्तरीच्या पुढचा, नजर नसलेला माणूस परांचीवर चढवायला कुणाची परवानगी लागते ते मला कार्यालयातल्या अनुभवाने माहीत होतं. म्हणून मी कुणाला विचारलंच नाही. वर मी, खाली कारखान्याचा वॉचमन आणि मध्ये मामा, असा तो चढला. चढताना त्याचा पाय एकदाही चुकला नाही.

वर पोचल्यावर त्याने शेपटीवर तळहात ठेवला. मग बोटं सरकवायला लागला. अगदी हळू, जाळ्यातलं भोक शोधताना फिरवतात तशी.

“ही चोच,” तो म्हणाला.

मला काही दिसत नव्हतं. त्याने माझं बोट धरून ठेवलं. राखाडी रंगाखाली केसाएवढी कड लागली. ती वळत गेली, टोकदार झाली, परत मागे आली. चोचच होती. तिथून त्याने माझं बोट डोक्यावरून, मानेवरून, पसरलेल्या पंखावरून नेलं. डोळ्यांना नुसता राखाडी पत्रा दिसत होता आणि बोटाखाली अख्खा पक्षी होता.

“तोंड नाकाकडं हाय ना?” त्याने विचारलं.

“कुणाच्या नाकाकडं?”

“इमानाच्या. दोन्ही अंगांना काकणाचं तोंड फुडंच पायजे. एकच साचा दोन्हीकडं लावलास तर एका अंगाला पक्षी उलटा उडतोय. नवीन पोरं हीच चूक करतात.”

मग त्याने विचारलं, डोक्याचा भाग पत्र्याचा लागतो की फायबरचा. मी टिचकी मारली. आवाज वेगळा आला, आमच्या नव्या होड्यांसारखा, बद्द. तो खूश झाला. मोठ्या दुरुस्तीला विमान गेलं की पत्र्यावरचा रंग औषध लावून बहुतेक उतरवतात, तो म्हणाला, पण फायबरला ते औषध चालत नाही. तिथे थोडं घासून वरूनच रंग देतात. म्हणजे शेपटीच्या टोकावर जे काही कधी लागलं असेल, ते सगळं आत शिल्लक असणार. पंखाची कड मला अगदी पुसट लागली होती, डोकं मात्र ठळक, ते यामुळे.

“आता डोला बघ,” तो म्हणाला. आवाज बदलला होता.

डोळ्याच्या जागी बारीकसा उंचवटा होता, जरा चुकीच्या ठिकाणी, चोचीला फारच चिकटून. मामासारखा माणूस असा डोळा काढणार नाही. मी नखाने राखाडी रंग किंचित खरवडला. आतून पिवळा निघाला.

तो पिवळा कुठलाही पिवळा नव्हता. ती माझ्या आईची हळद होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिच्या हातचं आता घरात काही उरलेलं नाही, आणि बर्फाच्या कारखान्यापाशी परांचीवर उभी राहून मी लढाऊ विमानाच्या शेपटीत तिचा रंग बघत होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मामाला दिसत नव्हतंच.

“मामा, मी तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता,” मी म्हटलं.

“मना ठाव हाय,” तो म्हणाला. “उजवा डोला हाय का बघ.”

उजवी बाजू भिंतीकडे होती. मी पलीकडे वाकून हात घालायचा प्रयत्न केला, पोचेना. हे ऐकूनही मामा तिथून हलायला तयार नव्हता. शेवटी वॉचमन खालून ओरडला तेव्हा आम्ही उतरलो आणि एका पालथ्या होडीवर बसलो. तिथे त्याने मला ते सांगितलं, जे आईला सोडून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तो नोकरीला लागला तेव्हा आईने त्याच्या पेटीत पिवळ्या रंगाचा एक लहान डबा ठेवला होता. तिकडच्या होडीला डोळा नसला तर म्हणून. विमानवाहू जहाजाला ती होडीच म्हणायची. पुढे त्याची नेमणूक त्या जहाजावर झाली आणि तुकडीच्या विमानांवर नवीन चिन्ह काढायचं काम त्याला मिळालं. त्याने सगळ्या शेपट्या रंगवल्या, दोन्ही बाजूंना, अगदी मन लावून. मग ब्रश धुतले आणि जेवायला गेला. डोळा काढायचा राहिला असं नव्हे. डोळा आपण काढायचा असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. जन्मभर त्याने डोळा सोडूनच रंगवलं होतं.

दुपारी तपासणीला वरिष्ठ आले, तर रांगेत उभी सगळी विमानं आंधळी.

“आँख कहाँ है?”

“साब, वो तो घर की औरत लगाती है.”

मामा म्हणाला, अख्खं डेक हसलं. आम्ही दोघंही हसलो. पुढे कितीतरी दिवस त्याला येता-जाता लोक विचारायचे, औरत आयी क्या. हुकूम झाला, संध्याकाळपर्यंत नियमातल्या पांढऱ्या रंगाने सगळे डोळे भरायचे. तो भरत चालला असताना एक वैमानिक त्याच्याजवळ आला. तसं विमान कुणा एकाचं नसतं, ज्याची पाळी असेल तो उडवतो, पण खिडकीखाली ज्याचं नाव लिहिलेलं असतं त्याचा जीव त्यात असतो. या विमानावर याचं नाव होतं. त्याने मामाला रीत नीट विचारून घेतली. अजिबात हसला नाही. आणि म्हणाला, माझ्या विमानाचा डोळा रिकामा राहू दे.

जहाज लांबच्या फेरीवर निघायच्या आधी घरच्या माणसांना जहाज बघायला बोलावतात. त्या दिवशी तो आपल्या बायकोला घेऊन आला. लग्नाला फार दिवस झालेले नसावेत, कारण ती त्याच्याशी बोलताना अजून लाजत होती, असं मामा म्हणाला. मामाने आईचा डबा उघडून दिला. ती शिडीवर चढली, तिथून हात नीट पोचेना, आणि डोळा चोचीला चिकटला. मग तिने दुसऱ्या बाजूला जायला शिडी उचलायला सांगितली, तर मामा म्हणाला, नाही, तो परत आल्यावर. तिने डब्याचं झाकण लावलं, ओढणीने डबा पुसला आणि परत द्यायला लागली. मामाने घेतला नाही. तुमच्याकडेच ठेवा, तुम्हाला लागेल, म्हणाला.

जहाज निघालं आणि थोड्याच दिवसांत मामाला कावीळ झाली. पुढच्या बंदरात त्याला उतरवलं. बरा झाल्यावर जमिनीवरच्या कारखान्यात नेमणूक मिळाली, आणि त्या जहाजावर तो परत कधी गेलाच नाही.

“मग तो परत आला का?” मी विचारलं.

“तेच तर मना ठाव न्हाय.”

“विचारायचं ना कुणाला तरी.”

मामा वाळूत पायाने रेघा ओढत बसला. “विचारलं आसतं तर कलालं आसतं,” तो म्हणाला. “आन वाईट कलालं आसतं तर? मी तिच्या हातानं एकच डोला लावून त्याला धाडला. सगल्यांना दोन-दोन डोलं, त्याला एकच. पेपरात इमानाचं काय आलं का मी पान उलटायचो. आजून उलटतो.”

आता तर पान वाचता येत नाही, तरी उलटतो. एवढा टग्या माणूस, अख्ख्या किनाऱ्याला तोंडावर बोलणारा, आणि इतकी वर्षं एक प्रश्न विचारायला घाबरला. मला त्याचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदम. मी त्याला म्हटलं की डोळ्याने विमान पडत नाही की परत येत नाही. तो म्हणाला, ते त्यालाही कळतं. कळून काही फरक पडत नाही, असंही म्हणाला.

क्रेन शनिवारी येणार होती. मधले दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. एका जन्माच्या दाखल्यावर मी मृत्यूचा शिक्का मारला. रोज सकाळी कार्यालयात जाताना बर्फाच्या कारखान्याकडे वळायचे, भिंत आणि विमान यांच्यातल्या फटीत मोबाईल घालून फोटो काढायचे. फोटोत राखाडी सोडून काही येत नव्हतं. उजवा डोळा नसेल तर मामाला काय सांगायचं, याची मी वाक्यं जुळवत होते. त्याला दिसत नाही, तेव्हा आहे म्हणून खोटं सांगता येईल, हेही मनात येऊन गेलं. पण त्याचं बोट मी कसं फसवणार होते?

शनिवारी क्रेन सकाळीच आली आणि नेमकी त्याच दिवशी ग्रामसभा. पाणीपट्टीवरून भांडण पेटलं. कोण काय म्हणालं ते लिहून घेणं माझं काम, आणि लोक थांबायचं नाव घेईनात. मी सुटले तेव्हा दुपार कलली होती. पळतच मामाच्या घरी गेले, त्याचा हात धरला आणि निघाले. वाटेत तो मला दोनदा म्हणाला, पळू नको, पण पाय त्याचेच भरभर पडत होते.

विमान चौथऱ्यावर उभं होतं, नाक समुद्राकडे. आता उजवी बाजू मोकळी होती आणि तिथे परांचीवर ठेकेदाराचा रंगारी पॉलिश पेपरने शेपटी घासत होता.

मी खालूनच थांब म्हणून ओरडले. ग्रामपंचायतीची बाई म्हटल्यावर तो थांबला, पण नाराजीने.

“मॅडम, इथं टेंगूळ आहे. सपाट केल्याशिवाय स्टिकर बसणार नाही. मी अर्धं उडवलंय.”

“कुठे आहे टेंगूळ?”

“चोचीजवळ. बटणाएवढं.”

मामाने माझा हात सोडला आणि शिडी चाचपायला लागला. रंगाऱ्याने त्याला वर घेतलं, मागून मी चढले.

मामाने चोच शोधली आणि तिथून बोट मागे नेलं. ते ज्या जागी थांबलं, तिथे शर्टाच्या बटणाएवढा उंचवटा होता. घासल्यामुळे त्याचा वरचा भाग सपाट झाला होता. डावीकडचा डोळा नखाला जेमतेम लागत होता, हा चिमटीत धरता आला असता. मामा त्यावरून बोट फिरवत राहिला. त्याला कळेना.

“एवढा जाड कसा?” तो म्हणाला. “काय दिसतंय, सांग.”

मी जवळ जाऊन बघितलं. मग रंगाऱ्याकडून ओलं फडकं घेऊन धूळ पुसली आणि परत बघितलं. मला जे दिसलं ते समजायला मला थोडा वेळ लागला. घासलेल्या जागी वर्तुळं उमटली होती, कापलेल्या कांद्यासारखी, एकात एक. मधोमध गडद पिवळा ठिपका. त्याच्याभोवती राखाडी कडं. मग परत पिवळं. परत राखाडी. दर वेळी विमानाला नवीन रंग लागला तेव्हा हा डोळा झाकला गेला होता, आणि दर वेळी कुणीतरी त्याच्यावर परत डोळा लावला होता. सगळ्यात आतलं पिवळं आईच्या हळदीचं, भरगच्च. बाहेरची कडी फिकट होत गेलेली, टर्पेंटाइन घालून घालून पुरवलेली. शेवटचं तर नुसतं पिवळं पाणी वाटत होतं. डबा संपत आला असणार.

मी मामाला हे सगळं सांगितलं.

रंगारीही वाकून बघत होता. त्याची नाराजी गेली होती. “हे कुणी केलं?” त्याने विचारलं.

“पिवली किती हायत?” मामाने विचारलं.

मी मोजली. परत मोजली, बोटाने, चुकायला नको म्हणून.

“सात.”

मामाने तळहात त्या डोळ्यावर ठेवला, जसा पहिल्या दिवशी शेपटीवर ठेवला होता. त्याचे ओठ हलत होते. तोही मोजत असावा, तो वैमानिक किती वेळा सुखरूप परत आला ते.

“मी तिला फकस्त पयल्यांदा सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “एकदाच.”